मेरी क्युरी थकल्या की सायकल काढायच्या! पण कॅन्सरशी लढणाऱ्यांना एकटा व्यायाम पुरतो का?

साल 1895. तारीख 26 जुलै. पॅरिसजवळच्या सो नावाच्या गावात एक लग्न लागलं. नवरीच्या अंगावर पांढरा पोशाख नव्हता, हातात सोन्याची अंगठी नव्हती, चर्चमधला सोहळाही नव्हता. तिनं गडद निळा ड्रेस घातला होता, तोही पुढे प्रयोगशाळेत वापरता येईल असा. आहेरात आलेल्या पैशांतून या जोडप्यानं दोन सायकली घेतल्या आणि त्याच सायकलींवरून दोघं हनिमूनला निघाले.

ही नवरी म्हणजे मेरी क्युरी आणि नवरा पिएर क्युरी.

शाळेच्या पुस्तकात आपण मेरी क्युरींचा जो फोटो बघतो, त्यात त्या काळ्या झग्यात, गंभीर चेहऱ्यानं बसलेल्या असतात. नोबेल मिळवणारी पहिली महिला, दोनदा नोबेल मिळवणारी पहिली व्यक्ती, रेडियमचा शोध, एवढं आपल्याला पाठ असतं. पण ही बाई मैलोनमैल सायकल चालवायची, डोंगर चढायची आणि साठीतही समुद्रात पोहायची, हे फारसं कुणी सांगत नाही.

आज हे सांगायला एक कारण आहे. कॅन्सरच्या रुग्णांची सेवा करणारे डॉक्टर, नर्स, टेक्निशियन किती थकतात, यावर जगभर चर्चा सुरू आहे. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत जवळपास 45 टक्के कॅन्सरतज्ज्ञांमध्ये बर्नआउटची लक्षणं दिसली होती. यावर उपाय म्हणून व्यायामाचं नाव हमखास पुढे येतं. रोज चाला, सायकल चालवा, जिमला जा.

हा सल्ला बरोबर आहे का? बऱ्याच अंशी हो. पण तो कुठे कमी पडतो, हे समजून घ्यायचं असेल तर मेरी क्युरींच्या आयुष्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

पंधराव्या वर्षीच शरीरानं हात टेकले

7 नोव्हेंबर 1867 रोजी वॉर्सामध्ये मारिया स्क्लोडोव्स्काचा जन्म झाला. पोलंडचा हा भाग तेव्हा रशियन साम्राज्याच्या ताब्यात होता. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक, आई मुलींची शाळा चालवायची. मारिया लहान असतानाच मोठी बहीण गेली आणि 1878 मध्ये टीबीनं आई गेली. मारिया तेव्हा दहा वर्षांची होती.

पोरगी अभ्यासात बुडून गेली. 1883 मध्ये सुवर्णपदक घेऊन तिनं शाळा पूर्ण केली आणि त्यानंतर ती कोसळलीच. शरीर थकलं, मन थकलं. आज आपण याला काय नाव दिलं असतं, हा डॉक्टरांचा विषय. पण वडिलांनी केलेला उपाय साधा होता. त्यांनी तिला वर्षभरासाठी खेड्यातल्या नातेवाइकांकडे पाठवून दिलं.

तिथे ना अभ्यास होता, ना परीक्षा. रानावनात भटकायचं, घोड्यावर बसायचं, होडी वल्हवायची, बर्फात घसरगाडीवरून फिरायचं आणि रात्रभर नाचायचं. वर्षभरानं मारिया परतली ती ताजीतवानी होऊन.

यातली एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. तिला फक्त हालचाल मिळाली नव्हती, तिला पूर्ण एक वर्ष मोकळंही मिळालं होतं.

माळ्यावरची खोली ते सायकलवरचा संसार

रशियाच्या राजवटीत पोलंडमध्ये मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. मग मारिया आणि तिची बहीण ब्रोन्या यांनी एक करार केला. ब्रोन्यानं आधी पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, तोवर मारियानं श्रीमंतांच्या घरी मुलांना शिकवून पैसे पाठवायचे. नंतर ब्रोन्यानं मारियाला बोलवायचं. दोघींनीही शब्द पाळला.

1891 मध्ये मारिया पॅरिसला पोहोचली आणि मेरी झाली. माळ्यावरच्या थंडगार खोलीत राहून, अर्धपोटी अभ्यास करून तिनं 1893 मध्ये भौतिकशास्त्राची पदवी पहिल्या क्रमांकानं आणि 1894 मध्ये गणिताची पदवी दुसऱ्या क्रमांकानं मिळवली. याच काळात ती एकदा भुकेनं चक्कर येऊन पडलीही होती.

1894 मध्ये पिएर भेटले. त्यांनाही रानात पायी भटकायचं वेड होतं. लग्नानंतर सायकल ही दोघांची सवय झाली. पहिली मुलगी आयरीन पोटात असताना, आठव्या महिन्यात, मेरी पिएरसोबत ब्रिटनीच्या रस्त्यांवर सायकल चालवत होत्या. (हे वाचून कुणी प्रयोग करू नका. त्यांनाही ती सहल अर्धवट सोडून परतावं लागलं होतं.)

1898 चा जुलै महिना. दोघांनी पोलोनियम या नव्या मूलद्रव्याची घोषणा केली. आता दुसरं कुणी असतं तर प्रयोगशाळेतून हललं नसतं. हे दोघं मात्र सायकली घेऊन फ्रान्सच्या ओव्हेर्न्य या डोंगराळ भागात सुट्टीवर गेले. टेकड्या चढले, नदीत डुंबले. परत आले, कामाला लागले आणि डिसेंबरमध्ये रेडियम जाहीर केलं.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

पण त्यानंतरची चार वर्षं वेगळी होती. रेडियम आहे हे सिद्ध करायचं तर ते वेगळं काढून दाखवायला हवं होतं. त्यासाठी पिचब्लेंड नावाच्या खनिजाचा टनावारी गाळ आणला गेला. जागा मिळाली ती एक पडकी शेड, जिथे आधी वैद्यकीय विद्यार्थी मृतदेहांचं विच्छेदन करायचे. छतातून पाणी गळायचं, हिवाळ्यात आत गारठा असायचा.

तिथे मेरी क्युरी दिवसभर मोठ्या भांड्यातला उकळता रगाडा जवळपास स्वतःच्या उंचीच्या लोखंडी सळईनं ढवळत बसायच्या. 1902 मध्ये इतक्या सगळ्या ढिगाऱ्यातून रेडियम क्लोराईड हाती लागलं ते एक ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढं.

आता कुणी म्हणेल, हा पण व्यायामच झाला की! दिवसभर उभं राहून हातपाय हलवणं.

नाही. इथेच गल्लत होते. वॉर्डात बारा तास धावणाऱ्या नर्सलाही हेच ऐकवलं जातं की तुझी पावलं तर हजारोंनी होतात, तुला वेगळा व्यायाम कशाला. आरोग्य संशोधक मात्र कामाच्या ठिकाणचे कष्ट आणि मोकळ्या वेळेतली हालचाल यांत फरक करतात. कामात वेग आपल्या हातात नसतो, थांबण्याची मुभा नसते, डोकं सतत जबाबदारीत अडकलेलं असतं. मोकळ्या वेळेत चालताना किंवा पोहताना शरीर हलतं आणि डोक्याला कामापासून सुट्टी मिळते. थकवा भरून निघायला ही सुट्टी लागते.

शेडमधल्या कष्टांनी मेरींना ताजंतवानं केलं नाही. त्या बारीक होत गेल्या. पिएरना पायदुखीनं हैराण केलं. 1903 मध्ये मेरींचा गर्भपात झाला. त्याच वर्षी हेन्री बेकेरेल यांच्यासोबत दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, पण पुरस्कार घ्यायला स्टॉकहोमला जाण्याइतकी ताकदही अंगात नव्हती. दोघं गेले ते थेट 1905 मध्ये.

अंगणातली कडी आणि आडवा बार

19 एप्रिल 1906. पॅरिसच्या पावसाळी रस्त्यावर पिएर घोडागाडीखाली सापडले आणि जागीच गेले. मेरींचं वय 38, पदरात दोन मुली. धाकटी ईव्ह तर दीड वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या पिएर यांच्या जागी सॉरबॉन विद्यापीठात शिकवायला उभ्या राहिल्या. तिथे शिकवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

दुःख त्यांनी फारसं बोलून दाखवलं नाही. पण मुलींच्या बाबतीत त्यांनी एक गोष्ट पक्की ठरवली. सो गावातल्या घराच्या अंगणात त्यांनी एक आडवा बार बसवून घेतला. त्याला झुला, लटकायच्या कड्या आणि चढायचा दोर. सकाळी थोडा अभ्यास, मग कोणतंही हवामान असो, चालणं आणि व्यायाम. मुलींना बागकाम, पोहणं, सायकल सगळं शिकवलं गेलं. मुलांना दिवसभर वर्गात कोंडून ठेवणं मेरींना पटत नव्हतं. म्हणून काही प्राध्यापक मित्रांसोबत त्यांनी आपापल्या मुलांसाठी दोनेक वर्षं स्वतःची छोटी शाळाच चालवली. तिथे भौतिकशास्त्र शिकवायला खुद्द मेरी क्युरी!

दुसरं नोबेल आणि दुसऱ्यांदा कोसळणं

1911 मध्ये मेरींना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. पण त्याच सुमारास शास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांच्याशी असलेल्या त्यांच्या नात्यावरून फ्रेंच वर्तमानपत्रांनी रान उठवलं. खासगी पत्रं छापली गेली. घराबाहेर जमाव जमला. पुरस्कार घ्यायला येऊ नका असं सुचवणारं पत्र स्वीडनमधून आलं. तरी त्या गेल्या आणि मानानं पुरस्कार घेऊन आल्या.

आणि मग डिसेंबरच्या अखेरीस त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. मूत्रपिंडाचा आजार होता, पुढे शस्त्रक्रिया झाली. त्याच्या जोडीला खोल नैराश्य. जवळपास वर्षभर त्या प्रयोगशाळेपासून लांब होत्या. 1912 चा उन्हाळा त्यांनी इंग्लंडमध्ये, हर्था एर्टन या शास्त्रज्ञ मैत्रिणीच्या आधारानं, समुद्रकाठी लोकांपासून दूर राहून काढला.

1913 च्या उन्हाळ्यात मात्र पाठीवर पिशवी टाकून मेरी स्वित्झर्लंडच्या एंगाडिन भागात डोंगर चढताना दिसतात. सोबत दोन्ही मुली, अल्बर्ट आईनस्टाईन आणि त्यांचा मुलगा. म्हणजे सावरण्याची पायरी पुन्हा तीच. आधी विश्रांती, माणसांचा आधार आणि मग मोकळ्या हवेतली हालचाल.

युद्धातले एक्स-रे आणि कॅन्सरचं रुग्णालय

1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. जखमी सैनिकांच्या शरीरात गोळी नेमकी कुठे आहे हे डॉक्टरांना दिसावं म्हणून मेरींनी गाड्यांमध्ये एक्स-रे यंत्रं बसवली. अशा 20 गाड्या आणि सुमारे 200 एक्स-रे खोल्या त्यांनी उभ्या केल्या. स्वतः ड्रायव्हिंग शिकल्या, टायर बदलायला शिकल्या. किशोरवयीन आयरीनला सोबत घेतलं आणि सुमारे दीडशे महिलांना एक्स-रे काढण्याचं प्रशिक्षण दिलं.

युद्ध संपल्यावर कामाचा रोख कॅन्सरकडे वळला. रेडियमचे किरण गाठीतल्या पेशी मारतात, हे तोवर कळलं होतं. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये एका बाजूला मेरींची प्रयोगशाळा आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टर क्लॉडियस रेगो यांचा वैद्यकीय विभाग होता. उपचारांसाठी 1920 मध्ये क्युरी फाउंडेशन स्थापन झालं. 1921 मध्ये अमेरिकेतल्या महिलांनी वर्गणी काढून एक ग्रॅम रेडियम विकत घेतलं आणि राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते मेरींना भेट दिलं. 1932 मध्ये वॉर्सामध्येही रेडियम इन्स्टिट्यूट उघडलं. त्याची प्रमुख होती ब्रोन्या, तीच करार पाळणारी बहीण.

या सगळ्या धावपळीत मेरींचा उन्हाळा ठरलेला असायचा. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं लारकुएस्त हे छोटं गाव. तिथे सॉरबॉनचे प्राध्यापक सहकुटुंब जमायचे. होड्या वल्हवायच्या, खडकांवरून समुद्रात उतरायचं. मेरी उत्तम पोहायच्या आणि त्यांना त्याचा अभिमानही होता.

जिथे व्यायामाची ताकद संपते

आता या गोष्टीतला अवघड भाग.

रेडियम कॅन्सरच्या पेशी मारतं, तसंच ते निरोगी पेशींनाही सोडत नाही. रेडियम हाताळणाऱ्यांची बोटं भाजायची, रक्त बिघडायचं. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगानं रंगवणाऱ्या तरुण मुली एकामागून एक आजारी पडल्या. 1928 मध्ये त्यांचा खटला जगभर गाजला.

मेरींच्या प्रयोगशाळेत काळजी घेतली जात नव्हती असं नाही. काम करणाऱ्यांच्या रक्ताच्या तपासण्या व्हायच्या. विद्यार्थ्यांना शिशाच्या आडोशामागून, चिमट्यानं काम करायला सांगितलं जायचं. पण कुणाचं रक्त बिघडलेलं दिसलं, तर भर असायचा तो मोकळ्या हवेवर आणि विश्रांतीवर. काही दिवस गावाकडे जा, फिरा, बरं वाटेल.

बरं वाटायचंही. कारण किरणांपासून लांब गेलं की शरीराला उसंत मिळायची. पण माणूस परत येऊन त्याच टेबलावर, त्याच नळ्या हाताळायला बसायचा.

स्वतः मेरी तर नियमही पाळत नव्हत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले, एकापाठोपाठ शस्त्रक्रिया झाल्या. बोटांची कातडी जळून राठ झाली. थकवा जाईना. एवढं चालणं, एवढं पोहणं, मोकळी हवा, सगळं करूनही.

4 जुलै 1934 रोजी फ्रान्सच्या डोंगरातल्या सांसेल्मोझ इथल्या आरोग्यधामात मेरी क्युरी गेल्या. वय 66. आधी टीबीची शंका होती, पण निदान झालं ॲप्लास्टिक ॲनिमियाचं. म्हणजे हाडांमधला मगज नवं रक्त तयार करेनासा होतो. 1995 मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवताना तपासणी झाली. तेव्हा तज्ज्ञांनी रेडियमपेक्षा युद्धकाळातल्या एक्स-रेंचा वाटा मोठा असण्याची शक्यता सांगितली. रेडियम असो की एक्स-रे, आजार कामातूनच आला होता.

त्यांच्या वह्या आजही किरणोत्सारी आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्या शिशाच्या पेट्यांत ठेवल्या आहेत.

1928 चा एक विसरलेला नियम

मेरी हयात असतानाच, 1928 मध्ये स्टॉकहोमला रेडिओलॉजी तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. एक्स-रे आणि रेडियमवर काम करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी तिथे शिफारशी मंजूर झाल्या. शिशाचा थर किती जाड हवा, खोलीत हवा कशी खेळती हवी, हे त्यात होतंच. पण कामाचे तासही होते.

दिवसाला सात तासांपेक्षा जास्त काम नको. आठवड्याला पाच दिवसांपेक्षा जास्त नको. सुट्टीचे दिवस शक्यतो घराबाहेर, मोकळ्या हवेत घालवावेत. वर्षाला किमान एक महिना सुट्टी. आणि हॉस्पिटलच्या एक्स-रे, रेडियम विभागात पूर्णवेळ काम करणाऱ्यांना दुसऱ्या कामांना जुंपू नये.

यातली गंमत बघा. मोकळ्या हवेत फिरा, हा सल्ला इथेही आहे. पण तो एकटा नाही. त्याच्या आधी तास ठरवलेत, नंतर सुट्टी ठरवली आहे आणि सोबत शिशाची भिंत आहे. फिरायला जा म्हणताना, जायला वेळ कुठून मिळणार, याचीही सोय त्याच कागदावर केली होती.

आजच्या कॅन्सर वॉर्डात याचा अर्थ काय?

आजच्या रेडिएशन विभागात किरणांपासून संरक्षणाचे नियम कडक आहेत. पण कॅन्सर वॉर्डात काम करणाऱ्यांना झिजवणारी दुसरी एक गोष्ट आहे, जी कुठल्याही यंत्रावर मोजता येत नाही. रोज कुणाला तरी वाईट बातमी सांगणं. महिनोनमहिने ओळखीचा झालेला रुग्ण जाणं. लगेच पुढच्या रुग्णासमोर हसऱ्या चेहऱ्यानं उभं राहणं. त्यात अपुरा स्टाफ आणि लांबत जाणारी ड्युटी.

जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार मानत नाही. संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, त्याची नोंद कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आहे. त्याच्या तीन खुणा आहेत. एक, ताकद पूर्ण संपल्यासारखी वाटणं. दोन, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येणं. तीन, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. आणि याचं कारण दिलं आहे, कामाच्या ठिकाणचा असा दीर्घ ताण जो नीट हाताळला गेलेला नाही.

व्यायामाचा फायदा यात कुठे होतो? मुख्यतः पहिल्या खुणेवर. नियमित हालचालीनं झोप सुधारते, मनःस्थिती सुधारते, ताण सोसायची शरीराची ताकद वाढते. मोठ्यांनी आठवड्याला किमान 150 ते 300 मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भरभर चालणं, सायकल, पोहणं, काहीही चालेल. एकदम जमत नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा, काहीच न करण्यापेक्षा तेही बरं.

पण व्यायामानं रिकाम्या जागा भरत नाहीत, रात्रपाळ्या कमी होत नाहीत. म्हणूनच 2022 मध्ये याच संघटनेनं कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा मोकळ्या वेळेतल्या शारीरिक हालचालीसोबत कामाच्या रचनेत बदल आणि वरिष्ठांचं प्रशिक्षण हेही मुद्दे मांडले. 1928 च्या त्या कागदाचीच ही पुढची पायरी म्हणायला हरकत नाही.

त्यामुळे तुमच्या घरात कुणी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये काम करत असेल, तर जरा व्यायाम करत जा, एवढं सांगून थांबू नका. ड्युटी संपल्यावर अर्धा तास त्यांच्या हाती राहावा म्हणून घरातलं एखादं काम आपल्याकडे घ्या. आणि तुम्ही हॉस्पिटल चालवत असाल, तर योग दिनाचं पोस्टर लावण्याआधी ड्युटीचं वेळापत्रक एकदा उघडून बघा. त्यात माणसाला चालायला जाता येईल एवढी जागा आहे का?

मेरी क्युरींना व्यायामानं पुन्हा पुन्हा उभं केलं. कामातल्या धोक्यापासून वाचवणं हे त्यांच्या सायकलचं कामच नव्हतं, त्यासाठी शिशाची भिंत लागते. आजच्या वॉर्डात ती भिंत म्हणजे पुरेसा स्टाफ, ठरलेले तास आणि हक्काची सुट्टी.